बंध सुटतात, तरी वस्तू टिकते

श्रुती : मामा, टाकणखार घालून केलेला हा स्लाइम बघा. हळू ओढला की लांबत जातो, हिसडा दिला की तटकन तुटतो. असं कसं?

मामा : कारण तू त्याला वेळ वेगवेगळा देतेस. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्या इथे बोरेटच्या बंधांनी जोडल्या आहेत. ते सतत सुटतात नि जुळतात. हळू ओढलंस तर सुटलेला बंध दुसरीकडे जुळतो, ताण ओसरतो. हिसड्यात तेवढी सवडच नसते. ग्रीन आणि टोबोल्स्की यांनी अशा जाळ्यांचं गणित १९४६ सालीच मांडलंय.

श्रुती : पण बंध सुटणारे असतील तर वस्तू टिकणार कशी?

मामा : पुरतं ऐक तर! पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २०११ मध्ये इपॉक्सीचं एक जाळं केलं. जस्ताचा उत्प्रेरक घालून तापवलं की त्यातले एस्टर बंध जागा बदलतात. झिम्म्यात जोडीदार बदलतो, पण एकटं कुणी उरत नाही, तसं. जोडण्यांची संख्या कायम राहते. म्हणून तो पदार्थ तापल्यावर एकदम पातळ न होता काचेसारखा सावकाश मऊ होतो. हे विट्रिमर.

श्रुती : बरं. आणि त्याला वजन टांगून ठेवलं तर?

मामा : हेच कुणी विचारत नाही! थर्मोप्लास्टिक वितळतं, थर्मोसेट वितळत नाही, एवढं मुलांकडून घोकून घेतात. प्रयोगशाळेत नमुना ओढायचा, तुटला की आकडा लिहायचा आणि घरी जायचं. ताण ओसरायला किती वेळ लागला, ते मोजायचा कंटाळा! वर्षानुवर्षं मी...

श्रुती : मामा, वजन.

मामा : हो. तुझी शंका रास्त आहे. टांगलेल्या वजनाखाली तो हळूहळू लांबत जातो; त्याला क्रीप म्हणतात. नेहमीच्या तापमानाला अदलाबदल इतकी मंद असते की ते जाणवत नाही. तापमान चढलं की वेग झपाट्याने वाढतो.

श्रुती : मग थोडे न सुटणारे बंध मिसळले तर?

मामा : मिसळतात. त्यांचं सलग जाळं झालं की लांबणं आटोक्यात येतं, पण मग वस्तूला नवा आकार नीट देता येत नाही. दोन्ही पुरेपूर मिळत नाही.

श्रुती : म्हणजे वापरायचं की नाही?

मामा : जो भाग तापतो आणि सतत ताणाखाली असतो, तिथे नुसतं तुटण्याचं बळ पाहून विट्रिमर निवडू नये. त्याच तापमानाला, तोच ताण दीर्घकाळ देऊन तो किती लांबतो हे मोजलेलं नसेल, तर तो भाग बसवूच नये.