संगणक शुद्धलेखन तपासतो

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. 'कापूस' हा शब्द तुम्ही कसा लिहिता? कोणी 'कापुस' लिहितो. 'कापसाला' म्हणताना तर 'पू' कुठे गेला, असा प्रश्न पडतो! महाराष्ट्र शासनाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. एवढे नियम सांभाळताना चुका होतातच. त्या शोधायला संगणकाची मदत घेता येते.

१९७५ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी 'स्पेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याची युक्ती साधी होती. मजकुरातील शब्द सुटे करायचे, वर्णानुक्रमे लावायचे, पुन्हा आलेले काढून टाकायचे आणि उरलेले शब्द यादीशी ताडून पाहायचे. यादीत नसलेला शब्द पडद्यावर दिसे.

आज 'ॲस्पेल' नावाचा असाच एक प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्याच्यासाठी मराठी शब्दांची यादीही आहे. यात माउस लागत नाही. कळफलकावर आधी 'ॲस्पेल' लिहायचे, मग भाषा मराठी आहे हे सांगायचे, मग 'चेक' आणि शेवटी आपल्या फाइलचे नाव. शंका असलेला एकेक शब्द समोर येतो. खाली पर्याय असतात. योग्य पर्यायाचा क्रमांक दाबला की शब्द बदलतो. 'दिग्रस', 'घाटंजी' ही गावांची नावे यादीत नसली, तर संगणक त्यांनाही चूक म्हणेल. तेव्हा इंग्रजी 'ए'ची कळ दाबा. ते नाव तुमच्या स्वतःच्या यादीत जाईल. पण जपून! चुकीचा शब्द यादीत गेला, तर पुढे तो पकडला जाणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. शाळेच्या फलकावर 'प्रजासत्ताक दीन' असे लिहिले, तर सारे गाव हसेल. संगणक मात्र गप्प बसेल. कारण 'दीन' म्हणजे गरीब, हाही मराठी शब्दच आहे. इथे तुमची उर्दू कामी येते. उर्दूत 'दिन'ला नुसता जेर पुरतो, 'दीन'मध्ये 'ये' लिहावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेद तुमच्या कानाला आधीच ठाऊक आहे. तरी उर्दूवर सगळा भार टाकू नका, बरे का! 'गरीब' या शब्दात उर्दूत 'ये' आहे, मराठीतही 'री' दीर्घ आहे. पण 'गरिबाला' लिहिताना मराठीत 'रि' ऱ्हस्व होतो.

आता हे वाक्य वाचा : 'आजीने चरख्यावर सुत कातले.' 'सुत' म्हणजे मुलगा. यादीत हा शब्द असला, तर संगणक काहीच बोलणार नाही. आजीने नेमके काय कातले, ते तुम्ही वहीत शुद्ध करून लिहा.