रसायन म्हणजे फक्त एमआयडीसी नव्हे

दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली स्पिरिटमध्ये कालवलेली हळद हिरवट-पिवळी चमकते, पावडरीत धुतलेला पांढरा शर्ट निळसर उजळतो. न दिसणारा प्रकाश शोषून दिसणारा बाहेर टाकणं, ही प्रतिदीप्ती. फ्लुओरेसंट प्रोबचं शास्त्र याच गुणावर उभं आहे.

प्रोब हा मुद्दाम घडवलेला रेणू. जिवंत पेशीत शिरून ठरावीक पदार्थ भेटला की तो उजळतो किंवा रंग बदलतो. पेशी न मारता आतलं रसायन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कारखान्यात ज्याची धास्ती असते तो हायड्रोजन सल्फाइड वायू आपल्या पेशींतही अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि निरोप्याचं काम करतो. तो टिपणारे प्रोब पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत घडले आहेत. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांचा गट मँगनीजसारख्या धातूंसाठी प्रोब बनवतो. कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीत यंत्र मोजत होतं तीही प्रोबची चमकच.

महाड-पोलादपुरात रसायन म्हटलं की पालकांना शिफ्ट, वास आणि अपघात आठवतात. ती काळजी खरी आहे. पण कारखान्यात रसायन टनांत मोजतात, प्रोबच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये. हे रसायनशास्त्र वेगळं आहे.

तिकडे जायची वाट अशी. बारावी सायन्सनंतर आयसरची आयएटी परीक्षा देऊन पाच वर्षांचा बीएस-एमएस करता येतो. तिच्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय येतात. म्हणून अकरावीला जमलं तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. बाहेर पाठवणं लगेच झेपत नसेल तर महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयातून बीएस्सी करा, मग जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी. गावातून सुरुवात केली म्हणून दार बंद होत नाही.

पालकहो, प्रामाणिकपणे सांगायचं तर ही वाट लांब आहे. एमएस्सी किंवा बीएस-एमएसनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं धरा. मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली की २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पुढे प्राध्यापकी, औषध कंपन्यांचं संशोधन, निदान-किट बनवणारे उद्योग असे पर्याय आहेत. लवकर कमावणं घराची गरज असेल, तर हे गणित आधीच मांडा.

आणि मुलांनो, या रविवारी नोटा तपासायचा तो दिवा मागून आणा. डोळ्यांवर न मारता घरातल्या दहा वस्तू तपासा, वहीत नोंदवा. चमक पाहून ‘हे का?’ असं दुसऱ्या दिवशीही डोक्यात राहिलं, तर आईबाबांशी बोला.