राहुरीचं संशोधन मोबाइलवर : व्हिडिओला खर्च किती?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी असो की बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रातले विषयतज्ज्ञ, संशोधनाचा व्हिडिओ करायचा म्हटलं की पहिली चौकशी कॅमेऱ्याची. ती करूच नका, खिशातला मोबाइल पुरतो. पैसे घाला ते आवाजावर.

माळावरचं वारं, शेजारच्या विहिरीवरची मोटर आणि चार पावलं लांब धरलेला मोबाइल, एवढ्यात शास्त्रज्ञ काय बोलले ते ऐकूच येत नाही. तारेचा कॉलर माइक साधारण पाचशे ते हजारात येतो. त्यावर स्पंजची टोपी हवीच. ट्रायपॉड हजारभराचा. विषय कांद्यावरच्या फुलकिड्यांचा असेल तर तीन-चारशेची, मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स घ्या. किडा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. पात पांढऱ्या कागदावर झटकली की तो पळताना दिसतो, आणि शेतकऱ्याला तेवढं दिसलं की आलेखाची गरज उरत नाही. एकूण अडीच हजारांत सामान झालं.

एडिटिंग स्वतः करणार असाल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, पण तिला बरा संगणक लागतो. नाहीतर लग्नाचं शूटिंग करणारे गाठा. सहा मिनिटांच्या व्हिडिओला दोन ते चार हजार सांगतील. चातुर्मासात लग्नं नसतात, भाव उतरतो, आणि नेमका तेव्हाच खरीप शेतात उभा असतो! फक्त मागे सिनेमाचं गाणं लावू देऊ नका, कॉपीराइटचा दावा येतो.

ड्रोनचा मोह आवरा. पाच गुंठ्यांच्या प्रयोगाला आकाशातून काय बघायचं? शिवाय नगर, राहुरी, पारनेरच्या हद्दीवर लष्कराचं के. के. रेंज हे सरावक्षेत्र आणि काकडी गावी शिर्डी विमानतळ. उडवायचाच असेल तर आधी ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघा.

यूट्यूबवर चढवायला पैसे नाहीत; पंधरा मिनिटांच्या वरच्या व्हिडिओला फोन नंबरची पडताळणी लागते. जाहिरातींच्या कमाईवर हिशेब बांधू नका: त्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं ही अट आहे. शोधनिबंधात व्हिडिओचा संदर्भ द्यायचा तर तो झेनोडो या ऑनलाइन संग्रहात ठेवा. तिथे डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो. ‘जोव्ह’सारखं व्हिडिओ-नियतकालिक मात्र लेखकाकडून हजारांच्या घरात डॉलर घेतं.

खरा मोठा खर्च वेगळाच. यंत्र किंवा प्रक्रिया नवी असेल आणि पेटंटचा अर्ज करण्याआधीच व्हिडिओ जाहीर झाला, तर नवेपणाचा दावा बहुधा बुडतो. वैयक्तिक ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे. तात्पुरता अर्जही चालतो, फक्त पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यावा लागतो. तेव्हा आधी अर्ज, मग अपलोड.

व्हिडिओ दाखवण्यासाठीही थोडे पैसे राखून ठेवा. कर्नाटकात ‘डिजिटल ग्रीन’ या प्रकल्पाने गावातल्याच शेतकऱ्यांचे व्हिडिओ गावातच, मध्ये थांबवून चर्चा करत दाखवले, तेव्हा दाखवलेल्या शेतीपद्धतींचा नेहमीच्या विस्तारकार्यापेक्षा सातपट अवलंब झाला. भाड्याचा प्रोजेक्टर, एका संध्याकाळचा चहा आणि प्रश्नांना उत्तरं देणाऱ्याचं पेट्रोल, दीड-दोन हजार धरा.