सामाजिक संबंध आणि आरोग्य

आहार, पाणी व औषधोपचार यांचा आरोग्यावर होणारा परिणाम तुम्हाला परिचित आहे. माणसामाणसांतील नात्यांचाही असा परिणाम होतो का, हे आता पाहू.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे ७,००० प्रौढांची पाहणी झाली. विवाह, आप्तमित्रांशी संपर्क, धार्मिक मंडळाचे सदस्यत्व आणि इतर संस्थांचे सदस्यत्व या चार बाबी तीत नोंदवल्या गेल्या. पुढील नऊ वर्षांतील मृत्यूंचा अभ्यास करून लिसा बर्कमन व लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. वयातील फरक जमेस धरूनही, ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, मद्यपान व आधीची प्रकृती विचारात घेतल्यावरही हा फरक दिसून आला.

एकटा राहणारा प्रत्येक जण आजारी पडतो, असा याचा अर्थ नव्हे. हा निष्कर्ष समूहाविषयीचा आहे. परंतु माणसे जोडलेली असली की दुखणे वेळीच कुणाच्या तरी लक्षात येते, दवाखान्यात सोबत मिळते आणि मनावरील ताण हलका होतो.

असे संबंध जाणीवपूर्वक उभारताही येतात. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. महिला मंडळे व शेतकरी मंडळे यांमुळे पाणी, बालपोषण, बाळंतपण हे साऱ्या गावाचे प्रश्न ठरले.

स्वयंअध्ययन : तुमच्या वस्तीत एकटी राहणारी व्यक्ती आजारी पडल्यास ते प्रथम कोणाच्या लक्षात येईल? पाच ओळींत लिहा.