वारा फुकट, मग वीज फुकट का नाही?



देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. वाऱ्याचे बिल येत नाही, तरी ती वीज फुकट नसते. कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च रोज होतो. येथे जमीन, यंत्रे व तारा यांचा मोठा खर्च आधीच करावा लागतो. त्यासाठी कर्ज काढावे लागते. म्हणून व्याज कमी, तर वीज स्वस्त.

सार्वजनिक पैसा येथे तीन प्रकारे उपयोगी पडतो.

१) कर्ज : अशा प्रकल्पांना कर्ज देण्यासाठी केंद्र सरकारने १९८७ मध्ये 'इरेडा' ही संस्था स्थापन केली.

२) हमी : रीवा येथील ७५० मेगावॅट सौर प्रकल्पात विजेचे पैसे वेळेवर मिळतील, याची हमी राज्य सरकारने दिली. जोखीम घटली आणि २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला.

३) रोखे : नर्मदेचे पाणी जलूदहून इंदूरला चढवण्यास फार वीज लागते. तेथील ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.२५ टक्के व्याजाचे २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. सामान्य नागरिकांनाही ते घेता आले.

आता गणित करा : २४४ कोटींवर वर्षाचे व्याज किती? उत्तर, २० कोटी १३ लाख रुपये. काम रखडले तरी व्याज थांबत नाही. म्हणून प्रकल्पाच्या उद्घाटनाइतकीच त्याच्या हिशेबाचीही चौकशी करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.