जुना टर्बो, मोठं इंजिन

सोलापूर-हैदराबाद हायवेवर आमचं अणदूर. सेकंड इयरच्या दिवाळीत गावी गेलो, तर मामाच्या जीपला जुन्या बाजारातला टर्बो बसवायचं काम चालू होतं. इंजिन 2.5 लिटर डिझेल, टर्बो 1.5 लिटर गाडीचा, पण आतलं कॉम्प्रेसर व्हील मोठं घातलेलं. मामा म्हणाला, "चालंल का रं, इंजिनेर?" मी छाती फुगवून 'हो' म्हणालो. ते कसं चुकलं, तोच हा धडा.

आधी हवेचा हिशोब. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. 3000 आरपीएमला 2.5 लिटरचं इंजिन मिनिटाला 3750 लिटर जागा मोकळी करतं. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी 85 टक्के आणि हवेची घनता 1.1 किलो प्रति घनमीटर धरली, तर सुमारे 3.5 किलो हवा होते. टर्बोने घनता दीडपट केली, तर 5.3 किलो. याच हिशोबाने 1.5 लिटरला 3.2 किलो पुरते. म्हणजे कॉम्प्रेसर मोठा हवाच. पण टर्बाईनची बाजू जुनीच राहिली, तर एक्झॉस्ट तिथे तुंबतो आणि बॅकप्रेशर वाढतं. हे मी पाहिलंच नाही.

दुसरी चूक तेलाची. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, तो तेलाच्या पातळ थरावर. तेल आत जातं पंपाच्या दाबाने, परत येतं मात्र फक्त स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेलं. सायलेन्सरची धग लागू नये म्हणून परतीचा पाईप वर उचलून वळवा, असं मीच सुचवलं.

पाच मिनिटांत निळा धूर! स्टॉप ओढला तरी इंजिन थांबेना, उलट जोर धरत गेलं. ते डिझेलवर नाही, स्वतःच्याच तेलावर पळत होतं. मिस्त्रींनी टॉप गिअर टाकला, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे बंद पडलं.

सगळे म्हणाले, सील गेलं. सील शाबूत होतं. टर्बोत रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी कडी असते. तेल तुंबलं की ती अडवू शकत नाही. म्हणून परतीचा पाईप रुंद, सतत उताराचा आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. पहिल्या स्टार्टआधी टर्बोत तेल ओतावं. आणि मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचून, आरटीओत विचारूनच फेरफाराला हात घालावा.

मामाने टर्बो काढून ठेवला. जीपवर घर चालतं त्याचं. मला एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी आधी कागदावर कर."