पर्वताच्या पोटातील राज्य

हिमगौरीच्या गोष्टीतील सात बुटके तुम्हांला ठाऊक असतीलच. खाणीत खपणाऱ्या अशा बुटक्यांच्या कथा उत्तर युरोपात फार प्राचीन काळापासून चालत आल्या आहेत. तेथील समजुतीप्रमाणे हे बुटके म्हणजे भूमीखाली राहणारे कुशल कारागीर. थॉर या देवाचा हातोडादेखील त्यांनीच घडविला, असे त्या कथा सांगतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी या जुन्या वाङ्मयाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९३७ साली त्यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी बुटक्यांचे एक संपूर्ण राज्य उभे केले आहे. त्यातील बहुतेक बुटक्यांची नावे त्यांनी ‘वोलुस्पा’ या प्राचीन नॉर्स काव्यातून घेतली; राज्य मात्र त्यांच्या कल्पनेतले.

या राज्याचे नाव एरेबोर. सपाट प्रदेशात एकच उंच पर्वत उभा. आजूबाजूला दुसरा डोंगर नाही. म्हणून लोक त्याला ‘एकाकी पर्वत’ म्हणत. बुटक्यांनी तो आतून कोरून काढला होता. विस्तीर्ण सभागृहे, लांबच लांब भुयारी मार्ग, जिने, कोठारे, सारे काही कातळात खोदलेले. पर्वताच्या महाद्वारातून एक नदी खळाळत बाहेर पडे. पर्वताच्या मुळाशी खणताना त्यांना आर्केनस्टोन नावाचे एक अपूर्व रत्न सापडले होते. ते स्वतःच्या तेजाने प्रकाशे. थ्रोर राजाच्या कारकिर्दीत या राज्याची भरभराट कळसाला पोहोचली. दूरदूरचे राजे येथील लोहारांना मुद्दाम बोलावून नेत. अगदी गरीब बुटक्याजवळही उसने देण्याइतका पैसा असे आणि निव्वळ हौसेखातर सुंदर वस्तू घडविण्याइतकी सवड असे.

इतके ऐश्वर्य होते. परंतु या राज्यात धान्याचा एक दाणाही पिकत नसे! बुटक्यांना शेतीची आवडच नव्हती. मग ते खात काय? पर्वताच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, डेल नावाचे माणसांचे नगर होते. तेथील लोक आपली मुले बुटक्यांकडे कारागिरी शिकण्यास ठेवीत आणि त्याचा मोबदला बहुतांशी अन्नधान्याच्या रूपाने देत. बुटक्यांनी केलेली खेळणी डेलच्या बाजारात विकली जात. ती इतकी नवलाची असत, की त्या बाजाराची कीर्ती सर्व उत्तरेत पसरली होती. सोने, रत्ने, अभेद्य भिंती यांचीच वर्णने वाचणाऱ्याच्या मनात भरतात. पण मला विचाराल, तर या राज्याचा खरा आधारस्तंभ म्हणजे डेलहून येणाऱ्या धान्याच्या गोण्या!

सोन्याच्या वासाने एके दिवशी स्मॉग नावाचा अग्निमुखी राक्षसी सर्प उडत आला. त्याने पर्वत बळकावला आणि डेल उजाड केले. जे थोडे बुटके वाचले ते देशोधडीला लागले. राजांसाठी अलंकार घडविणारे ते हात आता खेडोपाडी लोहारकाम करू लागले. वेळप्रसंगी कोळशाच्या खाणीतही राबले.

पुष्कळ वर्षांनी थ्रोरचा नातू थोरिन आपल्या बारा सोबत्यांसह पर्वताकडे परतला. बिल्बो नावाचा एक साधा, घरबशा हॉबिट त्यांच्याबरोबर होता. वाटेत सरोवरावर लाकडी खांबांच्या आधाराने वसलेले एक नगर लागले. तेथील लोकांनी या भुकेल्या, फाटक्या प्रवाशांना आसरा दिला आणि पुढील प्रवासासाठी शिदोरीही बांधून दिली. पुढे स्मॉग चवताळून त्याच नगरावर तुटून पडला. बार्ड नावाच्या धनुर्धराने त्याला बाण मारून ठार केले. परंतु नगर जळून गेले आणि लोक ऐन हिवाळ्याच्या तोंडावर उघड्यावर पडले.

बार्ड थोरिनकडे आला. सर्पाला त्याने मारले होते. पर्वतातील ढिगात डेलच्या लोकांचीही लुटलेली संपत्ती होती. आणि सरोवरनगराने थोरिनला अडचणीत हात दिला होता. बार्डचे मागणे वाजवी नव्हते, असे कोण म्हणेल? थोरिनने मात्र महाद्वारापुढे दगडांची भिंत रचली आणि दाराशी सैन्य उभे असताना एक कवडीही देणार नाही, असे साफ सांगितले. बार्डने हल्ला केला नाही. त्याने नुसता वेढा घातला. सोन्याच्या राशींवर बसून बुटके कोरड्या, बेचव दशम्यांसारख्या भाकऱ्या चावीत राहिले. आणि त्या भाकऱ्याही सरोवरनगराच्याच शिदोरीतल्या! रोअॅक नावाच्या वृद्ध डोमकावळ्याने थोरिनला समेटाचा सल्ला दिला. तोही त्याने झिडकारला.

अखेर बिल्बोने धाडस केले. आर्केनस्टोन त्याच्या हाती लागला होता. तो त्याने रात्री गुपचूप नेऊन बार्डला दिला, हेतू हा की त्याच्या बदल्यात तरी थोरिन तडजोड करील. थोरिन संतापाने बेभान झाला, तरी रत्नाच्या मोबदल्यात चौदावा हिस्सा देण्याचे त्याने नाइलाजाने मान्य केले. तेवढ्यात गॉब्लिनांची धाड आली. तेव्हा भांडणारे सारे एक झाले. त्या लढाईत थोरिन प्राणांतिक जखमी झाला. मरण्यापूर्वी त्याने बिल्बोला जवळ बोलावून आपले कठोर शब्द मागे घेतले. आर्केनस्टोन त्याच्या छातीवर ठेवून त्याला पर्वताच्या पोटात पुरले.

त्याचा आप्त डाइन गादीवर बसला. थोरिनने कबूल केलेला चौदावा हिस्सा त्याने बार्डला दिला. डेल पुन्हा वसले आणि भोवतालची जमीन नांगराखाली आली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या टोल्किन यांच्या पुढील ग्रंथात ग्लोइन नावाचा वृद्ध बुटका या नव्या राज्याची हकीकत सांगतो. धातुकामात आम्हांला वाडवडिलांची सर नाही, त्यांची कित्येक गुपिते त्यांच्याबरोबरच गेली, अशी कबुली तो देतो. पण बांधकामात आम्ही त्यांच्या पुढे गेलो, असे सांगताना तो आधी पर्वतातील दालनांकडे वळत नाही. तो वर्णन करू लागतो डेलमधल्या पाटांचे, कारंज्यांचे, तळ्यांचे आणि रंगीबेरंगी दगडांनी बांधलेल्या रस्त्यांचे.